सही झाली, पण संमती झाली का?

वाचकांचं पत्र:

ताई, मी मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, वय २९. मध्यंतरी अथणीकडच्या एका आजींचं पोटाचं ऑपरेशन झालं. आधी ठरवून केलेलं, घाईचं नव्हतं. आजींना फक्त कन्नड येतं. फॉर्मवर मुलानं सही केली, ती मीच घेतली. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना आजींनी पोटाकडे बोट करून मला काहीतरी विचारलं. वॉर्डातल्या मावशींना कन्नड येतं. त्या म्हणाल्या, ‘माझं काय काढलं, असं विचारतीया.’ मला काही बोलता आलं नाही. सांगायचं मी की डॉक्टरांनी, तेही कळेना. तेव्हापासून वैद्यकीय कायदा आणि त्यातलं नीतिशास्त्र शिकायचं मनात आहे. त्यासाठी आधी एलएलबी करावं लागतं का? नर्सनं हे शिकून उपयोग काय? सासूबाई म्हणतात, वकील व्हायचं होतं तर आधीच व्हायचं. आमचे सर म्हणाले, ‘आमच्यावरच केस घालायला शिकणार का?’ काय करू?
– एक सिस्टर, मिरज

सिस्टर,

कोर्सचं नंतर सांगते, आधी आजींचं बोलू. तुम्हाला जो विषय शिकायचा आहे, तो जवळजवळ सगळा त्यांच्या त्या एका प्रश्नात आहे.

आजी शुद्धीवर होत्या, त्यांना समजत होतं, ऑपरेशन तातडीचं नव्हतं. अशा सज्ञान माणसाच्या वतीनं मुलाला संमती देता येत नाही. आपल्याकडे सर्रास दिली जाते, घेतली जाते, आणि कुणी हरकत घेत नाही म्हणून ती चालून जाते. पण कोर्टात ती टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात हे फार स्वच्छ सांगितलंय. चव्वेचाळीस वर्षांच्या, अविवाहित बाई. दुर्बिणीतून तपासणी करायची, त्यासाठी त्यांनी संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशय, बीजवाहिन्या सगळं काढलं. आजार खरा होता, आणि डॉक्टरांनी वाईट हेतूनं केलं असंही कोर्टानं म्हटलं नाही. तरीही न्यायालय म्हणालं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर आईची सही चालत नाही. जीव वाचवायला किंवा तब्येतीचं मोठं नुकसान टाळायला लगेच काही करणं भाग असेल, तेवढाच अपवाद. डॉक्टरांची फी नाकारली आणि वर पंचवीस हजारांची भरपाई द्यायला लावली. रक्कम लहान आहे, पण आज देशातल्या प्रत्येक ऑपरेशनच्या फॉर्ममागे तो निकाल उभा आहे.

मुलाला बाजूला सारायचं, असा याचा अर्थ नाही. आपल्याकडची आजी डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य बोलते ते ‘पोराला इचारा’. तिचा तो विश्वास खरा असतो आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. पण पोरावर सोपवायचं हे आजींनी ठरवलं, तर तो आजींचा निर्णय झाला. त्यांना न विचारताच पोराला बोलावलं, तर आजींनी काही ठरवलंच नाही. कागदावर दोन्ही वेळा सही मुलाचीच दिसेल. हा फरक फक्त त्या वेळी तिथं उभ्या असलेल्या माणसाला दिसतो, आणि बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे सिस्टर.

आता सांगायचं कुणी? ऑपरेशन काय, का, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, न केलं तर काय होईल, हे सांगायची जबाबदारी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची. तुम्ही सही घेता, साक्षीदार असता, पण समजावून सांगण्याचं काम तुमच्या गळ्यात पडत नाही. आजींना उत्तर न देता तुम्ही गप्प राहिलात, त्याचं मनाला लावून घेऊ नका. मात्र प्रश्न तिथंच सोडायचा नसतो. ‘पेशंटनं विचारलं, डॉक्टरांना कळवलं’ हे वेळेसकट नर्सिंग नोट्समध्ये लिहायचं आणि राउंडला सरांना आजींच्या कॉटपाशी थांबवून, मावशींना दुभाषी म्हणून घेऊन, त्यांच्याकडूनच सांगवायचं. आजी फॉलोअपला येतील तेव्हा अजूनही हे करता येईल. शिवाय त्यांना किंवा त्यांनी सांगितलेल्या माणसाला केसपेपरच्या प्रती मागता येतात, आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच ते आहे.

आणखी एक. मिरजेत अथणी, कागवाड, रायबाग, विजयपूरकडून पेशंट यायला सुरुवात झाली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथं दवाखाना उभा केला तेव्हापासून कानडी मुलखाची वाट इकडेच वळलेली आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यात घराघरांत कन्नड बोलतात. असं असताना या गावातल्या हॉस्पिटलात कन्नडमध्ये छापलेला फॉर्म नसावा, याचा मला राग येतो. तुमच्या इनचार्ज सिस्टरांकडे ही मागणी लेखी द्या. तिला खर्च जवळजवळ नाही, आणि अशी मागणी नाकारणं कुणालाही अवघड जातं.

औषधाची चाचणी असेल तर हा फरक नियमांतच लिहून ठेवलाय. सहभागी होणाऱ्या माणसाला वाचता येत नसेल तर संमतीच्या सगळ्या बोलण्याला एक तटस्थ साक्षीदार हजर हवा आणि त्याची सही हवी, असं २०१९ चे नवीन औषधं व क्लिनिकल ट्रायलचे नियम सांगतात. तुमच्या वॉर्डातल्या रोजच्या ऑपरेशनला मात्र अशी सक्ती नाही. नव्या गोळीची चाचणी देणाऱ्या बाईला साक्षीदार मिळतो आणि पोट उघडायला आलेल्या आजींना मिळत नाही, हे बरोबर आहे का? असा प्रश्न पडला की तुम्ही कायद्यातून नीतिशास्त्रात आलात. कायदा सांगतो, काय केलं नाही तर गुन्हा किंवा भरपाई. नीतिशास्त्र विचारतं, कायद्यानं मोकळीक दिली असताना आपण काय करायला हवं, आणि कायदा स्वतःच चुकत असेल तर काय.

हे फक्त पुस्तकातलं नाही. मार्च २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातांनंतर ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले, ते तुम्ही विसरला नसाल. मिरजेतला प्रत्येक माणूस तेव्हा हादरला होता. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ पासून होता, आणि त्याही आधी, १९८८ साली, महाराष्ट्रानं देशातला असा पहिला कायदा केला होता. साताऱ्यात वकील वर्षा देशपांडे आणि त्यांचं दलित महिला विकास मंडळ वर्षानुवर्षं गरोदर बायकांच्या मदतीनं अशा सेंटरांवर सापळे लावून केसेस उभ्या करत आले. कायदा कागदावरून खाली उतरतो तो अशा माणसांमुळे. पण म्हैसाळनंतर दुसरी बाजूही दिसली. प्रत्येक गर्भपाताकडे संशयानं बघितलं जाऊ लागलं. तपासणी, नोटीस, सील नको म्हणून काही डॉक्टर कायदेशीर गर्भपातही टाळतात, मेडिकलवाले गोळ्या ठेवत नाहीत. मग १९७१ च्या कायद्यानं ज्या बाईला गर्भपात करून घेता येतो, ती कुठे जाते? ती पुन्हा एखाद्या म्हैसाळमध्येच जाते. मुलीचा जन्म वाचवणारा कायदा आणि बाईचा जीव वाचवणारा कायदा एकमेकांच्या आड येऊ न देता राबवायचे कसे, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण ज्याला हे दोन्ही कायदे वेगवेगळे कळतात, तो निदान दारात आलेल्या बाईला परत पाठवत नाही.

असंच दुसरं. सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर येते, दिवस गेलेले. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं सक्तीचं, न कळवणं हा गुन्हा. आणि कळवलं की गावभर नाव, म्हणून मायलेकी निघूनच जातात. हे तुम्ही कॅज्युअल्टीत बघितलं असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यातून वाट काढली: पोलिसांना कळवायचं, पण मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी तिचं नाव आणि ओळख सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या कितीतरी दवाखान्यांत हे अजून कुणाला माहीत नाही. त्या रात्री ड्यूटीवरच्या एका माणसाला ठाऊक असलं तर त्या मुलीचं आयुष्य वेगळं होऊ शकतं. नर्सनं हे शिकून उपयोग काय, या तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे.

आता कोर्स. फी भरण्याआधी थोडं वाचा, असा माझा आग्रह आहे. वाचायला गोडी लागली तरच पैसे घाला. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. सुरुवात जुन्या, आपल्या मुलखातल्या खटल्यापासून करा: लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. फळ्या बांधून त्याला पुण्याला आणलं. तिथं भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि त्याच धक्क्यानं तो गेला, असा निष्कर्ष निघाला. भरपाई तीन हजार. १९६८ सालच्या त्या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं मांडली आहेत: केस घ्यायची का हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो करताना काळजी. पुढचे सगळे खटले त्याच वाटेनं जातात. मग १९९५ चा शांता खटला वाचा, ज्यानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्यानंतर २००५ चा जेकब मॅथ्यू, मग समीरा कोहली. शेवटी अरुणा शानबाग, २०११ चा. त्या नर्सच होत्या, केईएमच्या. १९७३ साली हॉस्पिटलातच त्यांच्यावर हल्ला झाला, त्या २०१५ पर्यंत तिथल्याच कॉटवर अचेतन अवस्थेत होत्या, आणि तिथल्या सिस्टरांनी त्यांना जपलं. त्यांना मरू द्यावं अशी याचिका आली तेव्हा न्यायालयानं त्या नर्सेसचं म्हणणं ऐकलं आणि ती नाकारली, पण कृत्रिम जीवनाधार काढण्याचा मार्ग तत्त्वतः खुला केला. २०१८ साली लिव्हिंग विलला, म्हणजे तशी वेळ आली तर जीवनाधार नको हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली आणि २०२३ साली ते करणं सोपं झालं, आता नोटरीसमोरही करता येतं. हा निकाल तुम्ही वकिलापेक्षा वेगळ्या नजरेनं वाचाल. पेशंटला कुशीवर वळवणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे.

नीतिशास्त्रासाठी मुंबईहून १९९३ पासून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स वाचा. इंटरनेटवर मोफत आहे, भाषा इंग्रजी पण अवजड नाही, आणि उदाहरणं आपल्या देशातली. तेलंगणातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लसीच्या प्रकल्पात वसतिगृहांतल्या मुलींसाठी वॉर्डननं सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीनं २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. तो विषय जरूर वाचा. आपल्याकडे दर सीझनला ऊसतोडीला येणाऱ्या बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्यांचाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली त्याची चौकशी झाली. पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून बाई स्वतः ‘काढून टाका’ म्हणते आणि फॉर्मवर स्वतः अंगठा देते. तिथं संमती आहे, माहितीही असेल कदाचित. तरी काहीतरी भयंकर चुकलेलं आहे, आणि ते फॉर्ममध्ये शोधून सापडणार नाही.

यासाठी एलएलबी लागत नाही. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा मेडिकल लॉ अँड एथिक्स हा पदव्युत्तर डिप्लोमा पदवीधरांसाठी आहे, घरून करता येतो. पुण्याच्या सिम्बायोसिसचा मेडिको-लीगल सिस्टिम्सचा डिप्लोमा आहे, त्याचा झुकाव हॉस्पिटल चालवण्याच्या कायदेशीर बाजूकडे. निव्वळ नीतिशास्त्राकडे ओढा असेल तर मंगळूरच्या येनेपोया विद्यापीठाचा बायोएथिक्सचा अभ्यासक्रम चांगला. परदेशात एडिनबरो आणि लंडनचं किंग्ज कॉलेज या विषयाची जुनी घरं आहेत. एडिनबरोचा मास्टर्स ऑनलाइनही होतो, पण त्याच्या फीत मिरजेत छोटं घर बांधायला काढता येईल, म्हणून आत्ता तिकडे बघू नका. माझं मत विचाराल तर बेंगळुरूचा घ्या. त्यात कायदा आणि नीती दोन्ही आहेत. यंदाची फी, तारखा, परीक्षा केंद्र त्यांच्या संकेतस्थळावर बघा, कुठल्या एजंटाच्या पत्रकावर नको.

एलएलबीचं म्हणाल तर तुमची पदवी आहे, त्यामुळे सीईटी देऊन तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला दार उघडं आहे. सांगलीत कॉलेज आहे, साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे. पण बार कौन्सिलच्या नियमानं प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लागते, आणि नाइट ड्यूटी करून ती भरणं जिवावरचं काम आहे. शिवाय पगारी पूर्णवेळ नोकरी सोडल्याशिवाय वकिलीची सनद वापरता येत नाही. मुंबईतल्या एका सर्जननं वकिलीही करायचं ठरवलं तेव्हा महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलनं नकार दिला, आणि डॉ. हनीराज चुलानी खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. म्हणजे सनद घ्यायची तर नर्सिंग सोडायचं. मी तुम्हाला ते सोडू नका असंच सांगेन. वकील जिल्ह्यात पुष्कळ आहेत. कॉटपाशी उभी राहून संमतीचा कायदा जाणणारी सिस्टर मला तरी अजून भेटायची आहे.

आणि कामं आहेत. अवयव प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या हॉस्पिटलला ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर नेमावाच लागतो, आणि २०१४ च्या नियमांप्रमाणे नर्सला ते पद घेता येतं. ब्रेनडेड पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणं हे काम, याहून नाजूक संमती दुसरी नसेल. ट्रायल को-ऑर्डिनेटर, हॉस्पिटलचा क्वालिटी विभाग, माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचं सचिवालय, ही बाकीची. मी स्वतः वकिली करते आणि एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर कायद्याची बाजू बघते. त्या कमिटीत किमान सात जण लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, एक सामान्य माणूस लागतोच. आमच्याकडे ते निवृत्त शिक्षक आहेत. एका अभ्यासाच्या कागदांत सगळं होतं, विमा, भरपाई, मोफत उपचार. गुरुजींनी विचारलं, ‘दर पंधरा दिवसांनी बाईनं यायचं लिहिलंय. त्या दिवसाच्या रोजाचं काय, आणि तिच्याबरोबर येणाऱ्याच्या एसटीचं काय?’ डॉक्टर, मी, कुणालाच ते दिसलं नव्हतं. प्रस्ताव परत गेला, भाडं आणि बुडालेला रोज धरूनच आला. तुमच्यासारखी माणसं या टेबलाशी हवीत, असं मला मनापासून वाटतं. पगार लगेच वाढेल असं मात्र सासूबाईंना सांगू नका. सांगली-मिरजेत तो डिप्लोम्यानं वाढतोच असं नाही, आणि को-ऑर्डिनेटरची बरीचशी पदं पुण्या-मुंबईकडे आहेत.

सरांना काय सांगायचं? खरं तेच. जेकब मॅथ्यू निकालानं डॉक्टरांना फौजदारी कारवाईपासून मोठं संरक्षण दिलंय: साध्या चुकीसाठी गुन्हा नाही, घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे, आणि दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात वेगळा कायदा आहे, आणि नातेवाइकांचा पहिला धक्का सिस्टरलाच बसतो. मी ज्या केसेस बघते त्यांतल्या कितीतरी उपचार चुकल्यामुळे उभ्या राहिलेल्या नाहीत. आधी कुणी नीट बोललं नाही आणि नंतर कुणी फोन उचलला नाही, म्हणून त्या उभ्या राहिल्या. जिथं आजींना उत्तर मिळतं तिथं त्यांचा मुलगा सहसा वकिलाकडे येत नाही. हे सरांना पटेल. नाही पटलं तरी कोर्स त्यांच्या परवानगीवर अवलंबून नाही, फक्त परीक्षेच्या रजेसाठी इनचार्ज सिस्टरांना आधीपासून विश्वासात घ्या.

अभ्यासासाठी वॉर्डातल्या गोष्टी टिपून ठेवा, पण नाव, गाव, आयपीडी नंबर न लिहिता. केसपेपरचा फोटो मोबाइलवर कधीही काढू नका, कितीही चांगल्या हेतूनं असला तरी. तो फोटो पेशंटच्या गोपनीयतेचा भंग ठरतो, आणि नोकरी गेली तर त्याच कारणानं जाईल. सुरुवातीला आठवड्याच्या ऑफला एक निकाल, इतकंच ठेवा. पाचही वाचून झाले आणि सहावा वाचावासा वाटला, की फॉर्म भरा.